मॅमोग्राफी म्हणते कर्करोग, बायोप्सी म्हणते साधी गाठ: खरे कोणाचे मानावे?

मुक्ता_सातारा | ३ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार. मी इथे बरीच वर्षे केवळ वाचक आहे. पहिलाच धागा अशा विषयावर काढावा लागेल असे वाटले नव्हते.

माझे वय ४१. जानेवारीच्या अखेरीस अंघोळ करताना उजव्या स्तनात वरच्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाकडे, वाटाण्याहून थोडी मोठी आणि चांगलीच कठीण गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणूनच जास्त भीती वाटली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही करून घ्यायला सांगितले. रिपोर्टात लिहिले होते की १.६ सेंमी आकाराची, वेड्यावाकड्या आकाराची, काटेरी कडांची घन गाठ आहे, सोनोग्राफीत तिच्या मागे सावली पडते, कॅल्शियमचे कण नाहीत, काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) नेहमीसारख्या आहेत. आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘बाय-रॅड्स ५’. रिक्षा घरी पोहोचेपर्यंत त्या ५ चा अर्थ मी मोबाइलवर वाचलेला होता. त्या रात्री नवऱ्यात आणि माझ्यात जे काही बोलणे झाले ते गॅसचा नंबर लावण्यापुरतेच.

चार दिवसांनी बायोप्सी झाली. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला: ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, सौम्य’. सर्जन म्हणाले, बातमी चांगली आहे, तरी गाठ काढून टाकू. घरातले निम्मे लोक पेढे आणायला निघाले आणि उरलेल्या निम्म्यांच्या मते प्रयोगशाळेत कुणाच्या तरी काचपट्ट्या माझ्या नावावर गेल्या आहेत. मला विचारायचे ते इतकेच की दोन तपासण्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत असताना खरी कोणती मानायची, आणि ही गाठ चित्रांवरूनच ओळखता आली नसती का?

सुलभा_नाशिक | ३ मार्च, रात्री १०:४०

मुक्ताताई, आधी एक सुस्कारा सोडा. तज्ज्ञ मंडळी येतीलच, पण बायोप्सीत कर्करोग आला नाही हे आजच्या झोपेसाठी पुरेसे आहे.

वैनतेय | ३ मार्च, रात्री ११:०५

माझे मत थोडे कडवट आहे. ज्या रिपोर्टाने एका कुटुंबाची दहा दिवस झोप उडवली तो रिपोर्ट शेवटी चुकीचा ठरला, आणि तरीही त्याला कुणी चूक म्हणणार नाही. मी अभियंता आहे; आमच्याकडे मापकाने ५ दाखवले आणि प्रत्यक्षात २ निघाले तर आम्ही मापक बदलतो. एमआरआय आधीच केला असता, किंवा आता संगणकाकडून चित्रे वाचून घेण्याची सोय आहे ती वापरली असती, तर हा मनस्ताप टळला असता असे वाटते.

छायाप्रकाश | ४ मार्च, सकाळी ७:२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मुक्ताताई, तुमची चित्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढचे सारे तुम्ही उतरवलेल्या रिपोर्टाच्या आधारे लिहितो आहे असे समजा.

बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ साली तयार केलेली वर्गवारी आहे. तिची पाचवी आवृत्ती २०१३ ची. तिच्यातला आकडा रोगाचे नाव सांगत नाही, संशय किती आहे ते सांगतो. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. ४ चे तीन पोटभाग आहेत: ४ए मध्ये २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५० आणि ४सी मध्ये ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. याचाच दुसरा अर्थ असा की ५ लिहिलेल्या दर शंभर बायकांपैकी काहीजणींची गाठ कर्करोगाची निघत नाही, आणि हे वर्गवारी करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेले आहे. वैनतेय, म्हणून मापक बदलण्याची उपमा इथे लागू पडत नाही. हवामान खात्याने ९५ टक्के पावसाची शक्यता सांगितली आणि एखाद्या दिवशी ऊन पडले, तर तेवढ्यावरून अंदाज चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

आता या गाठीबद्दल. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही मज्जातंतूंभोवतीच्या आवरणातल्या, म्हणजे श्वान पेशींपासून उद्भवणारी गाठ आहे. ती बहुधा जिभेवर किंवा त्वचेखाली होते. स्तनात फार क्वचित, स्तनांच्या सुमारे हजार गाठींमागे एक. तिला वेष्टन नसते. तिच्या पेशी आजूबाजूच्या चरबीत आणि ग्रंथींत बोटे खुपसल्यासारख्या शिरतात आणि सोबत तंतुमय ऊतक वाढते. क्ष-किरणांना ही बोटे काटे म्हणून दिसतात. ध्वनिलहरी त्या दाट भागात शोषल्या जातात म्हणून मागे सावली पडते. कर्करोगाची गाठ नेमकी याच कारणांनी अशीच दिसते. कधीकधी ही गाठ वरच्या त्वचेला आत ओढते किंवा खालच्या स्नायूच्या आवरणाला चिकटते, तेव्हा तपासणाऱ्या हातालाही ती कर्करोगच वाटते.

थोडेसे धागेदोरे असतात. कर्करोग सर्वाधिक आढळतो तो स्तनाच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात. ही गाठ बऱ्याचदा वरच्या आतल्या चतुर्थांशात असते, कारण गळपट्टीच्या हाडावरून खाली उतरणाऱ्या मज्जातंतूंचा तो प्रदेश आहे. तिच्यात कॅल्शियमचे कण जवळजवळ कधीच नसतात. मुक्ताताईंच्या रिपोर्टात या दोन्ही गोष्टी आहेत. पण वरच्या आतल्या भागात, कॅल्शियमशिवाय होणारा कर्करोगसुद्धा संख्येने या गाठीच्या कितीतरी पट आहे. तेवढ्या धाग्यावर मी कुणालाही ‘घरी जा’ असे सांगणार नाही. मीही ५ च लिहिले असते.

अण्णा_बारामती | ४ मार्च, सकाळी ७:५५

डॉक्टर, हवामान खात्याची उपमा देऊन आपण आपली बाजू बळकट केलीत की कमकुवत, याचा बारामतीकर शेतकऱ्यांना विचारून निर्णय घ्यावा लागेल.

छायाप्रकाश | ४ मार्च, सकाळी ८:१०

अण्णा, उपमा मागे घेतो. बाकीचे कायम ठेवतो.

निशिगंध | ४ मार्च, दुपारी १:३०

माझा अनुभव नेमका उलट आहे, म्हणून लिहिते. माझी गाठ सोनोग्राफीत अगदी गुळगुळीत, लंबगोल, ‘फायब्रोअडिनोमासारखी’ (म्हणजे तरुण वयात नेहमी आढळणाऱ्या सौम्य गाठीसारखी) अशी आली होती. वय तेव्हा ३६. सुईने पेशी काढून एफएनएसी केली, त्यातही फायब्रोअडिनोमाच म्हटले होते. म्हणून निर्धास्त राहिले, आणि पाच महिन्यांत सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली. काढल्यावर ती फिलॉइड्स ट्यूमर निघाली, नशिबाने सौम्य प्रकारची. सर्जनांनी ती फायब्रोअडिनोमा समजून कडेकडेने सोलून काढली होती, त्यामुळे भोवतालचा भाग घेण्यासाठी दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागले.

सांगायचा मुद्दा असा की साळसूद दिसणारे चित्रही फसवते. मुक्ताताईंना निदान चित्राने सावध तरी केले.

छायाप्रकाश | ४ मार्च, दुपारी ३:०५

निशिगंध यांनी लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. फिलॉइड्स हे नाव ग्रीक भाषेतल्या ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून आले. योहान्नेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये ते दिले, कारण कापलेली गाठ पानांच्या चळतीसारखी दिसते. सोनोग्राफीत कधी गाठीच्या आत पाण्याच्या बारीक फटी दिसतात, तेव्हा संशय घेता येतो. फटी नसतील तर फिलॉइड्स आणि फायब्रोअडिनोमा यांच्यातला फरक चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही, एमआरआयवरही नाही. तिथे सर्वांत उपयोगी पडते ते जुने चित्र. चाळिशीच्या आसपासच्या बाईची ‘फायब्रोअडिनोमा’ भराभर वाढते आहे हे दोन तारखांची मापे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. कृपा करून जुने रिपोर्ट आणि फिल्म रद्दीत घालू नका.

वैनतेय | ४ मार्च, सायंकाळी ६:४५

हवामानाचा मुद्दा मान्य. पण एमआरआयबद्दल आपण उत्तर दिले नाही. तो अधिक बारकाईने पाहतो ना?

छायाप्रकाश | ४ मार्च, रात्री ९:१५

पाहतो, पण बारकाईने पाहणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्तनाच्या एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट देतात आणि गाठ ते किती वेगाने शोषते व किती वेगाने सोडून देते याचा आलेख काढतात. झटकन शोषून झटकन सोडणारी गाठ संशयास्पद, सावकाश भरत जाणारी त्या मानाने निरुपद्रवी. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या आलेखात एका जागी बसत नाही. कधी एकसारखी उजळते, कधी फक्त कडेने. म्हणजे पैसे जाऊन पुन्हा ‘बायोप्सी करा’ हेच उत्तर मिळाले असते. पेट स्कॅनही सूज आणि जंतुसंसर्गाच्या जागा उजळवतो, त्यामुळे तो ‘उजळला म्हणजे कर्करोग’ असे नसते. संगणकाचे म्हणाल, तर तो जे हजारो वेळा पाहतो ते शिकतो. हजारात एकदा येणारी आणि शेजारणीची हुबेहूब नक्कल करणारी गाठ त्याने शेजारीण म्हणूनच ओळखली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सुलभा_नाशिक | ५ मार्च, सकाळी ११:२०

आता माझीही गोष्ट सांगते, कारण ‘शेवटी बायोप्सीच खरी’ असा सूर धाग्यावर लागू लागला आहे आणि माझ्या बाबतीत तो खरा नव्हता.

मी तेव्हा ४६ वर्षांची होते. डाव्या बाजूला मऊ, मोठी, सहज हलणारी गाठ. एका ठिकाणी फक्त सोनोग्राफी झाली आणि लगेच बायोप्सी. उत्तर आले ‘स्तनाचे नेहमीचे ऊतक’. पुन्हा बायोप्सी, पुन्हा तेच. सुई गाठीत नीट जात नसेल म्हणून तिसऱ्या खेपेला थेट शस्त्रक्रियेची तारीखच ठरली. मामेबहिणीच्या आग्रहाने दुसरीकडे मॅमोग्राफी केली. (जाताना सवयीने अंगाला पावडर लावून गेले होते. तंत्रज्ञ मुलीने ओला नॅपकिन हातात दिला आणि सगळे पुसून यायला सांगितले. पावडरीचे आणि डिओडरंटचे कण फोटोत कॅल्शियमसारखे उमटतात म्हणे.) डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि दोन मिनिटांत म्हणाले, ही हॅमार्टोमा, हिला हात लावायचे कारण नाही. मलासुद्धा दिसत होते: पातळ पांढऱ्या रेषेच्या आत काळे-पांढरे ठिपके, जणू स्तनाच्या आत एक छोटा स्तन. तेव्हापासून नऊ वर्षे ती आहे तशीच आहे.

छायाप्रकाश | ५ मार्च, दुपारी २:४०

सुलभाताईंची दुरुस्ती शंभर टक्के मान्य. हॅमार्टोमा म्हणजे चरबी, ग्रंथी आणि तंतू हे स्तनाचे नेहमीचेच घटक, फक्त एका पातळ वेष्टनात वेगळे बांधलेले. सुईने त्यातला तुकडा काढला तर ‘नेहमीचे ऊतक’ याशिवाय पॅथॉलॉजिस्ट दुसरे काय लिहिणार? तिथे ऊतक मुके असते आणि चित्र बोलते. मॅमोग्राफीत गुळगुळीत कडांच्या गाठीच्या आत चरबीचा काळा रंग स्पष्ट दिसला, तर ती सौम्य असते, हा आमच्या शास्त्रातल्या मोजक्या भरवशाच्या नियमांपैकी एक आहे. लायपोमा, तेलाची गाठ आणि दुधाची गाठ याच नियमात बसतात. पाश्चात्त्य पुस्तके हॅमार्टोमाला ‘सॉसेजचा काप’ म्हणतात.

अण्णा_बारामती | ५ मार्च, दुपारी ३:००

सॉसेज आमच्या घरात आजवर आलेले नाही. उकडलेल्या कोथिंबीर वडीच्या उंड्याचा काप म्हटले तर चालेल काय?

छायाप्रकाश | ५ मार्च, दुपारी ३:१०

उत्तम चालेल. बाहेरची पातळ कड आणि आतले मिश्रण दोन्ही जुळते. पुढच्या वर्गात वापरतो.

रानवारा | ५ मार्च, रात्री ८:५०

माझी तक्रार ऐकून घ्या. ही खरे तर ट्यूमर नव्हे, सूज होती, पण चित्रांत ती ट्यूमरच दिसत होती, म्हणून या धाग्यात बसते.

बाळ तीन वर्षांचे झाल्यावर माझ्या स्तनात कठीण, दुखणारी गाठ झाली. सोनोग्राफीत वेडावाकडा काळपट भाग आणि त्यातून त्वचेकडे निघालेल्या नळ्या, रिपोर्ट ४सी. बायोप्सीत कर्करोग नव्हता, ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे सुजेतल्या पेशींचे पुंजके होते. आपल्याकडे ग्रॅन्युलोमा शब्द दिसला की क्षयरोग आठवतो. क्षयाचे जंतू कुठेही सापडले नसताना एका रुग्णालयाने मला सहा महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे दिली. गाठ जागची हलली नाही, वर दोन ठिकाणी फुटून वाहू लागली. शेवटी दुसरीकडे काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या, जीनएक्सपर्ट आणि कल्चर या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या चाचण्या केल्या, दोन्ही निगेटिव्ह आले आणि ‘इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस’ असे निदान झाले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चार-पाच महिन्यांत उतरले. मुक्ताताई, काचपट्ट्या दुसरीकडे दाखवाच.

गुलाबी_जांभळी | ६ मार्च, सकाळी ६:३०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आयडी आमच्या नेहमीच्या रंगांवरून घेतला आहे. रात्रीच्या कामामुळे धागा उशिरा पाहिला.

रानवारा, तुम्हाला जे सोसावे लागले त्याचे वाईट वाटते. हा आजार केसलर आणि वोलोक यांनी १९७२ मध्ये वेगळा म्हणून मांडला. आपल्या देशात स्तनाचा क्षयही खरोखरच होतो, त्यामुळे आधी क्षय नाकारावा लागतो. पण ‘नाकारणे’ म्हणजे तपासून पाहणे, औषधे देऊन पाहणे नव्हे.

मुक्ताताई, आता तुमच्याबद्दल. बायोप्सी ‘सौम्य’ आली एवढ्यावर समाधान मानायचे नसते. ५ लिहिलेल्या गाठीच्या बायोप्सीत नुसते ‘सौम्य ग्रंथी आणि तंतू’ असे आले असते, तर मी स्वतः फोन उचलून म्हटले असते की सुई बहुधा बाजूला गेली, पुन्हा करा. त्याला आम्ही विसंगत रिपोर्ट म्हणतो, आणि विसंगत रिपोर्टावर कुणीही घरी जाऊ नये. काटे का दिसले, सावली का पडली, गाठ कठीण का लागली, याचे उत्तर काचपट्टीवर सापडायला हवे. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर हे नाव त्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर देते. म्हणजे तुमचे दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच. पहिल्याने सांगितले की गाठ अशी दिसते. दुसऱ्याने सांगितले की ती तशी का दिसते.

तरीही पडताळणी करता येते, आणि मी असते तर केली असती. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी मोठ्या, फिकट गुलाबी आणि आत रवा पसरल्यासारख्या दाणेदार दिसतात. नुसत्या एफएनएसीत त्या अपोक्राइन पेशी किंवा भक्षक पेशी समजल्या जाण्याचा धोका असतो, म्हणून कोअर बायोप्सी हवी, जिच्यात ऊतकाची सलग कांडी मिळते. त्या कांडीवर पेशींतली ठराविक प्रथिने दाखवणारे विशेष रंग करतात: एस-१०० पॉझिटिव्ह, सीडी-६८ बहुधा पॉझिटिव्ह आणि सायटोकेरॅटिन निगेटिव्ह आले की स्तनाचा नेहमीचा कर्करोग बाद होतो. तुमच्या रिपोर्टाच्या तळाशी हे शब्द आहेत का पाहा. नसतील तर ब्लॉक (मेणात बसवलेले तुमचे ऊतक) आणि काचपट्ट्या मागून घ्या. रुग्णाला त्या मागता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे नेता येतात.

काचपट्ट्यांच्या अदलाबदलीची शंका वेडगळ नाही, पण इथे ती लटकी पडते. अदलाबदलच झाली असेल तर त्या आठवड्यात त्याच प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाची तरी ग्रॅन्युलर सेल ट्यूमर असायला हवी. मी एकोणीस वर्षांत स्तनातल्या तीन पाहिल्या आहेत.

एक आगाऊ माहिती. ही गाठ १९२६ मध्ये रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसोव यांनी वर्णन केली. लेनिनच्या शवाची चिकित्सा करणारे तेच. त्यांना ती स्नायूंतून उगवलेली वाटली, म्हणून कित्येक वर्षे तिचे नाव ‘मायोब्लास्टोमा’ असे चुकीचे राहिले.

वैनतेय | ६ मार्च, सकाळी ९:०५

२००३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले अब्रिकोसोव त्यांचेच चिरंजीव. विषयांतराबद्दल क्षमस्व. आणि ‘दोन रिपोर्ट विरुद्ध नाहीतच’ हे वाचून माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता हे मान्य करतो. मात्र एक प्रश्न उरतो: हे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलतात कधी? रुग्णच दोन पिशव्या घेऊन दोन मजल्यांवर फिरताना दिसतो.

लेस्टरकर | ६ मार्च, दुपारी ४:१५

इकडे इंग्लंडमध्ये बायकोच्या निमित्ताने जे पाहिले ते सांगतो. एकाच सकाळी सर्जनची तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी. प्रत्येकाने १ ते ५ मध्ये (आकडा मोठा तितका कर्करोगाचा संशय जास्त) आपापला आकडा द्यायचा: हाताने तपासल्याचा पी, मॅमोग्राफीचा एम, सोनोग्राफीचा यू आणि बायोप्सीचा बी. मग आठवड्याच्या बैठकीत सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात. बायकोचे आकडे एम ४ आणि बी २ असे जुळत नव्हते; बैठकीने पुन्हा बायोप्सी सांगितली आणि दुसऱ्यांदा फायब्रोमॅटोसिस निघाले. व्यवस्था चांगली आहे, पण तिथवर पोहोचायला लागलेला वेळ मोजला तर साताऱ्यात चार दिवसांत बायोप्सी झाली याचा हेवा वाटतो.

गुलाबी_जांभळी | ६ मार्च, रात्री ९:४०

फायब्रोमॅटोसिस हीसुद्धा याच नकलाकारांच्या कुळातली: काटेरी, कठीण, छातीच्या स्नायूला बिलगलेली. दूर पसरत नाही, पण जागच्या जागी पुन्हा उगवण्यात पटाईत. पेशीकेंद्रात बीटा-कॅटेनिन हे प्रथिन रंगले की निदानाला आधार मिळतो.

वैनतेय, प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मोठ्या संस्थांमध्ये अशा बैठका होतात. लहान गावात हे काम फोनवर चालते, आणि कधी चालतच नाही. १९१३ मध्ये बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमोन यांनी कापून काढलेल्या सुमारे ३००० स्तनांचे क्ष-किरण फोटो काढून ते सूक्ष्मदर्शकाच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले. मॅमोग्राफीचा जन्मच या ताडून पाहण्यातून झाला. एका फोनला आळस करायला आम्हाला खरोखर तोंड नाही.

मुक्ता_सातारा | ७ मार्च, सकाळी १०:३०

तुम्हा सर्वांचे आभार कसे मानू कळत नाही. रिपोर्टाच्या तळाशी ‘एस-१०० सुचवले आहे’ एवढेच आहे, म्हणजे केलेले नाही. ब्लॉक मागून घेतले. अर्ज आणि आधार कार्डाची प्रत दिली, अर्ध्या तासात मिळाले. मेणाचा एवढासा चौकोन, आत माझे तीन बारीक पट्टे.

त्यावरून आठवले. बायोप्सीच्या वेळी सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई गाठीत शिरताना मला दिसत होती. खटका स्टेपलरसारखा वाजतो, आणि भूल असल्याने नुसता धक्का जाणवतो. काढलेले पट्टे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले तेव्हा डॉक्टर बाटली उजेडात धरून म्हणाले, ‘बुडाले, छान.’ चरबी असती तर तरंगली असती, म्हणजे गाठीतलेच ऊतक मिळाले. सुई बाजूला गेली असेल का, ही शंका ते आठवल्यावर थोडी कमी झाली. आता एकच विचारते: सौम्य आहे तर काढायची कशाला?

सुलभा_नाशिक | ७ मार्च, सकाळी ११:००

मीही हेच विचारणार होते. माझी नाही काढली.

गुलाबी_जांभळी | ७ मार्च, दुपारी १२:२०

सुलभाताई, तुमच्या गाठीला वेष्टन आहे, हिला नाही; ‘सौम्य’ या एका शब्दाखाली दोघींना एकच नियम लावता येणार नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर अर्धवट काढली तर पुन्हा येऊ शकते, आणि फार क्वचित, अगदी एखाद-दोन टक्क्यांत, ती घातक प्रकारची असते. ते संपूर्ण गाठ पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणे कठीण. म्हणून भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह ती काढतात. स्तन काढणे, काखेतल्या गाठी काढणे, केमो, यांपैकी कशाचीही गरज नसते. पूर्वी शस्त्रक्रिया चालू असताना घाईने गोठवून पाहिलेल्या ऊतकात या पेशी कर्करोगाच्या समजून संपूर्ण स्तन काढल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. आधी कोअर बायोप्सी झाली, याचे मोल तिथे कळते.

निशिगंध | ७ मार्च, दुपारी १:०५

आणि सर्जनना गाठीचे नाव आधी माहीत असणे हेही मोठे काम आहे. माझ्या वेळी ते माहीत असते तर दुसरी भूल टळली असती.

मुक्ता_सातारा | २ एप्रिल, सायंकाळी ७:५०

बरेच दिवसांनी येते आहे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनी काचपट्ट्या पाहिल्या: एस-१०० पॉझिटिव्ह, सीडी-६८ पॉझिटिव्ह, सायटोकेरॅटिन निगेटिव्ह, नाव तेच. २१ मार्चला गाठ काढली. अंतिम रिपोर्ट काल आला: १.७ सेंमी, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, सौम्य, सर्व कडा मोकळ्या. सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि मग वर्षाने मॅमोग्राफी सांगितली आहे.

ज्यांनी ५ लिहिले होते त्या रेडिओलॉजिस्ट बाईंना मुद्दाम भेटायला गेले. त्यांनी माझी चित्रे पुन्हा उघडली, अंतिम रिपोर्ट शेजारी ठेवून दोन्ही बराच वेळ पाहिले, आणि त्याची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली. मी विचारले, आज पहिल्यांदा पाहत असता तर काय लिहिले असते? त्या म्हणाल्या, ‘५ च. आणि बायोप्सी चार दिवसांनी नव्हे, दुसऱ्याच दिवशी करायला लावली असती.’

छायाप्रकाश | २ एप्रिल, रात्री ८:३०

त्यांना माझा नमस्कार सांगा. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीला जाताना शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या. व्रणाची जागाही चित्रात काटेरी दिसते आणि तिच्या मागेही सावली पडते. नव्या माणसाने ती पाहिली तर पुन्हा घोर लागायचा.

अण्णा_बारामती | २ एप्रिल, रात्री ८:४२

कागद लॅमिनेट करून घ्या, ताई. आणि ते अर्धवट राहिलेले पेढे?

मुक्ता_सातारा | २ एप्रिल, रात्री ९:००

कालच वाटले, अण्णा. साताऱ्याचे कंदी.